सोप्या कामांचा दुष्काळ

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे दिवसभर बसून लोकांची बोलणी खाल्लेला माणूस संध्याकाळी घरी आल्यावर काय करेल? दुसरा कुणी असता तर आडवा झाला असता. काका मात्र चहा घेत, चष्मा पुसत आणि पुन्हा तक्रारी ऐकायला बसत. फरक एवढाच, की दिवसाच्या तक्रारींचा पगार मिळायचा आणि संध्याकाळच्या तक्रारी ते हौसेने, फुकट ऐकायचे. “मला तक्रारींची चटक लागलीय,” असं ते स्वतःच हसत सांगत. बायकोचं निदान वेगळं होतं. तिच्या मते ही चटक तक्रारींची नव्हती, ‘काका, तुमच्यावाचून अडलंय हो’ एवढं एक वाक्य ऐकण्याची होती. बायकोचं बहुतेक वेळा बरोबर असतं हे काकांना ठाऊक होतं. फक्त ते तिच्या तोंडावर कबूल करण्याचा प्रसंग त्यांनी आजवर शिताफीने टाळला होता.

संध्याकाळचं काम म्हणजे सर्व्हर सांभाळणं. गणिताचे एक मास्तर होते, काकांचे जुने मित्र. त्यांच्या शाळेत दर वर्षी एकाच तासाला एकाच खोलीत दोन वर्ग येऊन धडकायचे. वैतागून त्यांनी वेळापत्रक बनवणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला देऊन टाकलं. कुणीही वापरा, कुणीही आत डोकावून बघा, कुणीही सुधारा. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. बघता बघता कुठकुठल्या शाळा ते वापरू लागल्या आणि कुठकुठले स्वयंसेवक त्यात भर घालू लागले. पण ही सगळी वरची शोभा. खाली वेबसाइट चालवायला एक सर्व्हर, शाळांची वेळापत्रकं जुळवून साठवायला दुसरा, पत्रव्यवहाराला तिसरा, अशी यंत्रं होती, आणि ती चालू ठेवणं, दुरुस्त करणं, त्यांचे बॅकअप घेणं हे कुणीतरी करायला हवं होतं. नवीन काहीतरी बनवायला सगळ्यांना आवडतं, तुंबलेली मोरी मोकळी करायला कुणी पुढे येत नाही. मास्तरांनी एकदा विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, “मी बघतो जरा.” त्या ‘जरा’मध्ये त्यांच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले आणि उरलेले पिकले.

मग एक दिवस ऑफिसात तक्रार अर्जावरच्या रेघा मधोमध फुगलेल्या दिसू लागल्या. काकांनी आधी छापखान्याला नावं ठेवली. साहेबांकडे जाऊन ‘छपाईचा दर्जा घसरलाय’ असं रीतसर गाऱ्हाणंही घातलं. साहेबांनी अर्ज हातात घेऊन नीट बघितला, मग काकांकडे नीट बघितलं. घरी आल्यावर दाराची चौकटही वाकडी दिसली, तेव्हा काकांना सुताराचा संशय आला. त्यांनी डावा डोळा झाकला, चौकट सरळ. उजवा झाकला, तर चौकट पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. छापखाना सुटला, सुतारही सुटला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत दिवा मारून पाहिलं. “डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध बारीक छिद्र पडलंय,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन करावं लागेल. आत गॅसचा बुडबुडा सोडायचा, तो छिद्र दाबून धरतो. म्हणून नंतर बरेच दिवस मान खाली घालून राहायचं. बसताना, झोपताना, जेवतानासुद्धा. आणि काही आठवडे कॉम्प्युटर बंद.”

“शाळा सुरू झाल्यावर केलं तर चालेल का?” काकांनी विचारलं.

“तुम्ही शाळेत जाता?”

काकांनी मग वेळापत्रकाचं, सर्व्हरचं आणि शाळा उघडायच्या आठवड्यात उडणाऱ्या झुंबडीचं सगळं रामायण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “लवकर केलंत तर नजर चांगली परत येते,” त्या म्हणाल्या. “उशीर केलात तर छिद्र बुजेल, पण रेषा पुन्हा सरळ दिसतीलच असं मी सांगू शकत नाही. ठरवा तुम्ही.”

काकांनी ठरवलं. म्हणजे जवळची तारीख घेतली आणि घरी येऊन बायकोला ती सांगितली.

“आणि तेवढे दिवस तुमचे ते सर्व्हर कोण बघणार?” तिने विचारलं.

“तोच तर घोळ आहे.”

“दुसरं कुणीच नाही?”

“नाही.”

“इतक्या वर्षांत? का नाही?”

या ‘का’चं उत्तर काकांकडे होतं, पण ते त्यांना सोयीचं नव्हतं. म्हणून ते “मला उद्या लवकर उठायचंय” असं म्हणून उठले. मग काही दिवसांनी त्यांनी ऑफिसातून हॉस्पिटलला गुपचूप फोन केला आणि तारीख पुढे ढकलली. हे घरी सांगायचं राहून गेलं. स्वयंसेवकांच्या ग्रुपवरही त्यांनी डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त ‘मला थोडी रजा लागेल, कुणी हाताशी असेल तर बरं’ एवढंच टाकलं.

आता तो ‘का’. मास्तरांनी प्रकल्पात एक पद्धत घालून दिली होती. सोपी, छोटी कामं वेगळी काढायची, त्यांवर ‘नव्यांसाठी’ अशी खूण करायची आणि जुन्यांनी त्यांना हात लावायचा नाही. नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी, हात बसला की मोठं काम घ्यावं. पद्धत उत्तम होती. पण काकांचे हात शिवशिवायचे. एकदा बँकेतले एक गृहस्थ आले. “मला काहीतरी काम द्या,” म्हणाले. काकांनी त्यांना वेबसाइटच्या तळाला राहून गेलेलं जुनं साल बदलायला सांगितलं. गृहस्थांनी विचारलं, “हे साल कुठे लिहिलेलं असतं?” काकांच्या मनात आलं, हे समजावत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं. त्यांनी चुटकीसरशी साल बदललं आणि कळवलं, ‘झालं बघा. किती सोपं होतं!’ गृहस्थांनी आभार मानले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. असे कितीजण आले आणि आभार मानून गेले. “नवीन पिढीत चिकाटीच नाही,” असं काका मास्तरांना पोटतिडकीने सांगायचे. बँकेतले गृहस्थ काकांहून वयाने मोठे होते ही गोष्ट त्या वेळी त्यांच्या लक्षात आली नव्हती.

काकांची रजेची सूचना वाचून मास्तरांचा फोन आला.

“अरे, तुला माणूस हवा म्हणतोस, आणि ‘नव्यांसाठी’ एकही काम नाही. गेली कुठे सगळी?”

“मी उरकली,” काका अभिमानाने म्हणाले. “सकाळी लवकर उठून. एक शिल्लक ठेवलं नाही.”



“अरे बाबा,” मास्तर म्हणाले, “ती उरकायची नसतात. ती ठेवायची असतात. नव्या माणसाला तू दारात उभं करतोस आणि म्हणतोस, या, बसा, घरात खुर्ची नाही.”

काकांना ते झोंबलं, पण पटलं. आता सोपी कामं हवी होती, आणि काकांनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेल्या त्या यंत्रणेत सोपं काही बिघडलेलंच नव्हतं. दुसऱ्या कुणी वाट पाहिली असती. काकांना वाट बघणं जमत नाही. त्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःच थोडं थोडं बिघडवायला सुरुवात केली. वेबसाइटवरच्या एका लिंकचा पत्ता चुकवला. एका पानावरचं चित्र हलवून ठेवलं. पत्रव्यवहाराच्या सर्व्हरवर जुन्या फायली आपोआप पुसल्या जायच्या, ते पुसणं बंद केलं. प्रत्येक बिघाड करण्याआधी ते विचार करायचे, की कुणाला त्रास होऊ नये, पण नजरेत यावा, फार अवघड नसावा, पण अगदीच पोरकटही नसावा. इतकी काळजी त्यांनी कधी दुरुस्तीतही घेतली नव्हती. बिघाड झाला की त्यावर ‘नव्यांसाठी’ अशी खूण करायची आणि हात मांडीखाली दाबून बसायचं.

आणि चमत्कार म्हणजे लोक आले. दोघा-तिघांनी एकेक बिघाड काढला. काकांनी त्यांना इतक्या मनापासून शाबासकी दिली की बायकोने आत येऊन विचारलं, “कुणाचा निकाल लागला का?” काकांना वाटलं, आपल्याला माणसं जोडायची कला अखेर साधली. शाळा उघडेपर्यंत यातलाच कुणीतरी तयार होईल, मग डोळ्याचं बघू. उजव्या डोळ्याने बरं दिसत होतं तोवर त्यांना घाई वाटत नव्हती.

भूगोलबाई आल्या त्या भांडायला. त्या एका शाळेत भूगोल शिकवत आणि त्यांच्या वेळापत्रकात त्यांना एकाच तासाला वरच्या मजल्यावर आणि तळमजल्यावर हजर राहायला सांगितलं होतं. काकांनी फोनवर त्यांना दाखवून दिलं, की चूक सॉफ्टवेअरची नसून शाळेतल्या लेखनिकाने बाईंचं नाव दोनदा भरलं होतं. दुसरं कुणी असतं तर ओशाळून फोन ठेवला असता. बाई म्हणाल्या, “मग नाव दोनदा भरताच येणार नाही असं का नाही करत?” काका म्हणाले, “करणार कोण?” बाई म्हणाल्या, “मला दाखवा, मी बघते.” त्यांनी काकांचे चार-पाच बिघाड धडाधड दुरुस्त केले. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“काका, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा की.”

“हे बिघाड तुम्ही करून ठेवता का?”

काकांची बोबडी वळली. “म्हणजे? छे! असं कसं...”

“मी इतकी वर्षं पेपर काढतेय, काका. खरा बिघाड गबाळा असतो. एक बिघडलं की बाजूचं आणखी काहीतरी बिघडतं, नको तिथे धूर निघतो. तुमचे बिघाड फार नीटनेटके आहेत. प्रत्येकात एकच चूक, तीही समोर मांडून ठेवलेली, आणि आजूबाजूला सगळं स्वच्छ झाडलेलं. हा बिघाड नाही, हा कुणीतरी काढलेला प्रश्न आहे. तोही पाच मार्कांचा.”

काकांनी डोक्याला हात लावला. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईही हसल्या. “प्रश्न चांगले होते हो,” त्या म्हणाल्या. “पण मला आता खरं काम द्या. खोट्या कामावर माणूस किती दिवस टिकणार?”

खरं काम म्हणजे किल्ल्या, म्हणजे यंत्रांच्या आत शिरायचे पासवर्ड. काकांनी कबूल केलं, आणि मग त्यांच्या अंगातला कारकून जागा झाला. त्यांनी बाईंसाठी एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. ती पहिल्या सर्व्हरच्या जन्मापासून सुरू होत होती. आपण कोणत्या अडचणीत तो उभा केला, त्या दिवशी वीज कशी गेली होती, मास्तरांना काय समजत नव्हतं आणि ते काकांनी कसं समजावलं, हे सगळं सविस्तर होतं. खऱ्या कामाला सुरुवात होईपर्यंत वाचणाऱ्याची पुण्याई संपावी असा मजकूर होता. बाईंनी तो नेटाने वाचला आणि सुट्टीच्या दुपारी पत्रव्यवहाराच्या सर्व्हरवर करून बघायला बसल्या. तिसऱ्याच पायरीवर घोडं अडलं.

“इथे लिहिलंय, यंत्र बंद करून चालू करावे आणि थोडे थांबावे. थोडे म्हणजे किती?”

“ते कळतं.”

“कशावरून कळतं?”

काका विचारात पडले. त्यांना खरंच सांगता येईना. “मी तेवढ्यात चहा घेतो,” शेवटी ते म्हणाले. “कप संपला की ते उठलेलं असतं.”

“मी चहा पीत नाही,” बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत यंत्र जागं झालंय की नाही हे बघायची साधी सोय काकांनी केलेली नव्हती. बाईंनी ती स्वतः केली, हिरवा ठिपका आला की पुढे जायचं अशी. काकांना ती आवडली, आणि आपल्याला ती सुचली नाही याचं वाईटही वाटलं. मार्गदर्शिकेत त्यांनी भराभर तो बदल केला, म्हणजे चहाचा उल्लेख काढला, इतिहास तसाच ठेवला.

असं करत बाईंनी वेबसाइटचा सर्व्हर घेतला, पत्रव्यवहाराचा घेतला. राहिला तो वेळापत्रकांचा. तो सगळ्यांत जुना, सगळ्यांत लाडका आणि शाळा उघडायच्या आठवड्यात सगळ्यांत आधी धापा टाकणारा. त्यावरचं सगळं नव्या यंत्रावर हलवायचं होतं. काका म्हणायचे, “हे जरा नाजूक आहे, हे मी करतो आणि मग रजेवर जातो.” आणि नाजूक म्हणून तेही करत नव्हते. त्यातच हॉस्पिटलची दुसरी तारीख आली आणि त्यांनी तीही पुढे ढकलली.

या वेळी हॉस्पिटलने घरी फोन केला. बायकोने तो घेतला. काका ऑफिसातून आले तेव्हा ती टेबलाशी शांत बसली होती, आणि ती शांत बसली की काकांची पाचावर धारण बसायची.

“अहो, डोळा तुमचा आहे की सर्व्हरचा?”

“अगं, थोडेच दिवस...”

“उजवा डोळा झाका.”

“कशाला?”

“झाका म्हणते ना. आता माझ्याकडे बघा. मी दिसते का?”

काकांनी बघितलं. तिचे खांदे दिसत होते, केस दिसत होते. चेहरा असायला हवा तिथे करडा डाग होता. काकांना ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण इतक्या जवळून, इतकं समोर, त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं.  “नाही दिसत,” ते म्हणाले.

“बरं,” बायको म्हणाली, आणि तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. “मग तुमचे ते सर्व्हर तरी दिसतात का, ते सांगा.”

काकांनी त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन लावला, आणि मग भूगोलबाईंना. बाईंना सांगितलं, की येत्या सुट्टीच्या दिवशी वेळापत्रकांचं यंत्र हलवायचं आणि ते तुम्ही हलवायचं. का, ते सांगितलं नाही. “माझी रजा जरा आधी आलीय,” एवढंच म्हणाले.

त्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर बाई आपल्या घरातून कामाला बसल्या आणि काका आपल्या घरात बघत बसले. बायकोने धुतलेल्या कपड्यांचा ढीग त्यांच्या मांडीवर आणून टाकला. “याच्या घड्या करा. हात गुंतलेले राहतील.” काका घड्या करू लागले. बाई प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करत होत्या. सगळं हळू चाललं होतं. काकांनी टॉवेल संपवले, चादरी संपवल्या. आणि मग बाईंनी एक पायरी आधीच घेतली. नव्या यंत्रावर सगळं पोचायच्या आत त्यांनी जुनं रिकामं करून टाकलं. वेबसाइटवर वेळापत्रकाचं पान कोरं झालं.

“अगं बाई,” भूगोलबाई म्हणाल्या. “हे काय केलं मी?”

काका उभे राहिले. कपडे खाली पडले. कुठला बॅकअप काढायचा, कुठे चढवायचा, हे त्यांच्या बोटांत तयार होतं. चार ओळींचं काम. बायकोने त्यांच्या हातात एक सदरा दिला.

“काका,” बाई घाईघाईने म्हणाल्या, “तुम्ही आहात का? तुम्ही करता का?”

काकांना हेच वाक्य ऐकायला आयुष्यभर आवडत आलं होतं. ते खाली बसले. “मी आहे,” ते म्हणाले. “पण मी घड्या करतोय. तुम्ही सांगा, तुमच्याकडे काय शिल्लक आहे?”

 कालचा बॅकअप आहे, बाई म्हणाल्या. मग त्यांनी तो शोधला, उलटसुलट तपासला, एकदा चुकीच्या ठिकाणी चढवला, पुन्हा काढला. काकांनी तोच सदरा कितीतरी वेळा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. त्यांच्या जिभेवर उत्तर होतं आणि दातांनी त्यांनी ते धरून ठेवलं होतं. दुपार कलली तेव्हा पान परत उभं राहिलं, नव्या यंत्रावर. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. सदरा मात्र पार चुरगळला होता.

ऑपरेशन झालं. मग सुरू झाले मान खाली घालायचे दिवस. काका टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकून बसत आणि फरशी बघत. फरशीशिवाय त्यांना फक्त बायकोची पावलं दिसायची. ऑफिसात जन्मभर साहेबांपुढे मान खाली घालायची सवय होती, ती इथे कामी आली, असं ते भेटायला येणाऱ्यांच्या चपलांना सांगायचे. फोन बायकोकडे होता. शाळा उघडायचा आठवडा लागला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली.

“कुणाचा फोन?”

“नाही.”

“बाईंचा मेसेज?”

“नाही हो.”

“मास्तरांचा? एखादा तरी?”

“मास्तरांनी ‘कसा आहेस’ विचारलंय. त्यांना मी ‘गप्प पडलेत’ म्हणून कळवलं.”

काकांना खात्री होती, की सगळं कोसळलंय आणि आजारी माणसाला त्रास नको म्हणून सगळे गप्प आहेत. कोण कुठे चुकलं असेल ते ते फरशीवर मनातल्या मनात मांडत बसत. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात सगळे सर्व्हर दोनदा उभे करून त्यांची मान भरून यायची. आठवडा गेला. फोन आला नाही.

बुडबुडा विरत गेला, काकांना मान वर करायची परवानगी मिळाली आणि तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आत दिवा मारला आणि समाधानाने मान डोलावली. छिद्र बुजलं होतं. त्यांनी रेघांचा चौकोन छापलेलं कार्ड समोर धरलं.

“मधे थोडा बाक दिसतोय,” काका म्हणाले.

“तेवढा राहील.”

“पहिल्या तारखेला आलो असतो तर?”

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता येत नसावं. “बहुधा राहिला नसता,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकांनी उजवा डोळा झाकून बायकोकडे बघितलं. चेहरा दिसला. एका बाजूने जरासा ओढल्यासारखा, पण तिचाच. त्यांनी तिला तसं सांगितलं. “इतकी वर्षं मी तुम्हाला वाकडंच तोंड दाखवतेय,” ती म्हणाली, “आता कुठे दिसलं.” आणि डोळे पुसत आत गेली.

काकांनी भूगोलबाईंना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग त्यांना राहवेना. “शाळा उघडल्या तेव्हा कसं झालं?”

“यंत्र एकदा बसलं होतं,” बाई म्हणाल्या. “ऐन सकाळी, सगळ्या शाळा आत शिरल्या तेव्हा. पण बँकेतले आजोबा होते ना.”

“बँकेतले?”

“तुमच्याकडे पूर्वी येऊन गेलेल्यांना मी पत्रं लिहिली होती. ते लगेच आले. आणखीही दोघं आले. आजोबांनी गर्दी दुसऱ्या यंत्राकडे वळवली, मी बसलेलं यंत्र उठवलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं सुरळीत.” मग त्या जरा रागाने म्हणाल्या, “काकूंनी मास्तरांना सांगितलं, त्यांच्याकडून मला आत्ता कळलं, काका, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते. तारीख दोनदा पुढे ढकललीत म्हणे. आम्हाला सांगितलं का नाहीत? मी पहिल्याच दिवशी तुमच्याकडून किल्ल्या हिसकावून घेतल्या असत्या.”

काकांच्या ओठांवर ठेवणीतली उत्तरं आली होती. तुम्हाला काळजी नको म्हणून. काम नाजूक होतं म्हणून. तक्रार खिडकीवर अशी उत्तरं द्यायचा त्यांना दांडगा सराव होता. पण त्या दिवशी त्यातलं एकही बाहेर पडेना.

“तुम्हाला जमणार नाही अशी भीती नव्हती, बाई,” ते म्हणाले. “जमलं तर काय, अशी भीती होती. माझ्याशिवाय सगळं चाललं, तर मग मी कोण?”

पलीकडे शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका उठला. बाई तो ओसरेपर्यंत थांबल्या. तक्रार खिडकीवर बसणाऱ्या माणसाला धीर देणारी खोटी वाक्यं चांगली ओळखू येतात, आणि काका तशाच एखाद्या वाक्याची वाट बघत होते.

“चाललं, काका,” बाई म्हणाल्या. “छान चाललं.”

काका दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांना हसू फुटलं, आणि ते इतके हसले की बायको धावत बाहेर आली आणि डोळ्याला ताण देऊ नका म्हणून ओरडली.